घरी इंजिन उघडताना बेअरिंगला मार बसला? ‘एकदा चालू करून बघू’ म्हणण्याआधी

चेंबरचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या डब्याचं) पॅकिंग बदलायला, गळकं सील काढायला किंवा नुसतं आतून साफ करायला म्हणून घरीच इंजिन उघडलंत आणि आता काहीतरी बिनसल्यासारखं वाटतंय, तर इंजिन बंदच ठेवा आणि मग पुढचं वाचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला माझं छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं शेतीची डिझेल इंजिनं, ट्रॅक्टर, जीप आणि टेम्पो यांची इंजिनं उघडतोय. दर उन्हाळ्यात हीच तक्रार येते, आणि बहुतेक वेळा नुकसान उघडताना झालेलं नसतं, त्यानंतरच्या दोन मिनिटांत झालेलं असतं.

लक्षणं

सगळ्यात आधी हाताला कळतं. काम करायच्या आधी इंजिन हँडलने जसं फिरायचं तसं आता फिरत नाही. सगळीकडे जड लागतं, नाहीतर एका ठराविक जागी येऊन अडतं. हे लक्षण इंजिन चालू न करता समजतं, म्हणून ते सगळ्यात मोलाचं.

मग ऑइलचा लाल दिवा. पूर्वी स्टार्ट झाल्यावर लगेच विझायचा, आता रेंगाळतो. किंवा थंड असताना सगळं ठीक, पण इंजिन तापलं की आयडलला लुकलुकायला लागतो. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगमधली जागा वाढलेली असेल तर ते बाजूने निसटून जातं, म्हणून दुखणं तापल्यावरच उघड होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेरच ४२-४३ अंश असताना, ते लवकर दिसतं.

मग ठोका. आमच्याकडे ‘इंजिन बोलायला लागलं’ म्हणतात. रेस थोडी वाढवून सोडली की सोडण्याच्या क्षणी ठक-ठक येत असेल तर कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी जोडणाऱ्या रॉडच्या) बेअरिंगवर संशय घ्यायचा. लोड घेताना खोलवरून जड, दबका आवाज येत असेल तर मेन बेअरिंगवर, म्हणजे ज्यात क्रँक स्वतः फिरतो त्यावर.

ऑइल काढलं तर त्यात चमक दिसते. राखाडी चमक म्हणजे वरचा थर गेला. तांबूस-सोनेरी चमक म्हणजे खालच्या तांब्यापर्यंत झीज पोचली.

आणि काही जणांना यातलं काहीच दिसलेलं नसतं. इंजिन अजून उघडंच आहे, पण हातातल्या शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवर) स्क्रूड्रायव्हर घसरलाय, किंवा शेल फरशीवर पडलंय, आणि पोटात गोळा आलाय. तुम्ही यांच्यापैकी असाल तर तुमचं सगळ्यात कमी पैशांत भागेल.

एवढ्याशा ओरखड्याने काय होतं?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तर कळलं की पुढच्या तपासण्या आपोआप पटतात.

ट्रॅक्टर, जीप, टेम्पो आणि शेतीच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत कनेक्टिंग रॉडला गोळ्यांचं बेअरिंग नसतं. दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांनाच शेल म्हणतो. एक रॉडमध्ये बसते, दुसरी रॉडला बोल्टने आवळलेल्या कॅपमध्ये. पाठ पोलादाची, त्यावर तांबं-शिसं किंवा अ‍ॅल्युमिनियम-कथिल यांचा थर, आणि पुष्कळ शेलवर त्याच्याही वर मऊ धातूचा मुलामा. हा मुलामा साधारण ०.०२ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर असतो, त्यावरून अंदाज घ्या. ५० मिलिमीटरच्या क्रँक पिनाला (क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसतो त्याला) शेलमध्ये जागा मिळते ती साधारण ०.०५ मिलिमीटर. त्या जागेत ऑइल असतं, आणि चालू इंजिनात पिन त्या ऑइलवर तरंगतो. धातू धातूला टेकत नाही.

शेल मुद्दाम मऊ केलेलं असतं. धुळीचा बारीक कण आत गेला तर तो शेलमध्ये रुतून बसतो आणि क्रँक वाचतो. मोठा कण मात्र पूर्ण रुतत नाही, डोकं वर काढून राहतो आणि क्रँकला कापत जातो. ओरखड्याचंही तसंच. खाचेपेक्षा खाचेच्या काठाला उठलेली धातूची कड जास्त वाईट. ती कड ऑइलचा थर फाडून थेट पिनाला लागते. शेतातलं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं, म्हणजे ‘दोनच मिनिटं चालवलं’ याचा अर्थ ती कड पिनावर तीन हजार वेळा घासली.

गेल्या मे महिन्यात मोहोळकडचे एक रसवंतीवाले काका आले होते. टॉवेलात गुंडाळून शेल आणलं होतं.

“चेंबर गळायला लागलं म्हणून पॅकिंग टाकलं वो. तेव्हापासून ठक-ठक करायलाय.”

“चेंबर काढलं तेवढंच की आतलंपण काही उघडलं, काका?”

“उघडलंच हाय तर बेअरिंग बघून घ्यावं म्हणलं. कॅप निघंना, तवा पेचकस घालून उचलली.”

“मग चालवलं किती?”

“दोनच मिनिटं. आवाज कुठनं यायलाय ते बघावं म्हणून.”

टॉवेल उलगडला. कॅपच्या जोडावरून पेचकसाचं टोक आत घसरलं होतं. जोडापासून अर्धा इंच आत तिरकी खाच, आणि खाचेच्या एका काठाला तांबूस जीभ वर आलेली, उजेडात धरली की चमकत होती. तिथून पुढे अख्ख्या शेलवर एकाच रेषेत पट्टा उमटला होता, आणि पिनावर बरोबर त्याच जागी नख अडेल अशी चर. दोन मिनिटं चालवलं नसतं तर शेलच्या जोडीत काम झालं असतं. क्रँक ग्राइंडिंगला (पिन घासून बारीक आणि गुळगुळीत करायला) द्यावा लागला आणि ऐन हंगामात आठवडाभर रसवंती बंद राहिली. काकांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता, त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

तपासण्या, बिनखर्चाच्या आधी

*डिपस्टिक.* हसू नका, इथूनच सुरुवात करायची. चेंबर काढल्यावर ऑइल पुन्हा अंदाजाने ओतलं जातं. सपाट जागी उभं करून पातळी बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. मग वास घ्या, बोटांवर चोळा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी. या दोन्हीत शेल निर्दोष असलं तरी टिकणार नाही, म्हणून शेल बदलायच्या आधी ती गळती शोधा. ऑइल फिल्टर बदलला असेल तर जुन्याचं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलंय का तेही बघा. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल बाहेर फेकलं जातं.

*आवाज खरंच आतला आहे का?* एका सिलिंडरच्या इंजिनात फ्लायव्हीलची चावी (चाक दांड्यावर घट्ट धरणारी पाचर) ढिली झाली तर हुबेहूब बेअरिंगसारखा ठोका येतो. पुलीची चावी, फाउंडेशनचे बोल्ट, ट्रॅक्टरला क्लचकडचे बोल्ट, हे आधी बघा. इंजिन बंद ठेवून फ्लायव्हील दोन्ही हातांनी मागे-पुढे झटकलं की ढिलेपणा कळतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज वेगळा असतो, वरून येतो, हलका टिकटिक, क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा. चावीचा दोष असताना बेअरिंगसाठी उघडलेली इंजिनं माझ्याकडे आली आहेत. चांगलं बसलेलं बेअरिंग विनाकारण हलवलं की नवीन दुखणं विकत घेतल्यासारखं होतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात कुठल्या सिलिंडरचा ठोका आहे हे ओळखायला जुने मिस्त्री इंजेक्टरच्या पाइपचं नट थोडं ढिलं करतात. त्या सिलिंडरचा दाब गेला की ठोका कमी होतो. ही रीत फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांना, आणि तीही जाणत्या माणसाने करायची. कॉमनरेल गाडीला (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) तिथे पाना लावायचाच नाही. त्या पाइपात हजार बारपेक्षा जास्त दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

*हाताने फिरवणं.* डीकॉम्प्रेशनचा खटका उचला, म्हणजे हवेचा दाब आड येणार नाही. तो खटका नसलेल्या गाडीला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावे लागतात. आता क्रँक सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडतं तिथे खडूने खूण करा. अडत असेल तर जोर लावू नका, पान्याला पाइप घालून तर मुळीच नाही. नवीन शेल घातल्यावर जाम झालेलं इंजिन आणून ‘आम्ही पाइप लावून फिरवलं तेव्हा फिरलं’ असं सांगणारे भेटतात. फिरलं ते शेलचा मऊ थर सोलून फिरलं.

*ऑइल काढून बघणं.* ऑइल गरम असेल तर हात सांभाळा. स्टीलच्या स्वच्छ ताटलीत घ्या, उन्हात तिरकी धरा. मग लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते पोलाद, म्हणजे क्रँक, दाते, रिंगा असं काहीतरी. चुंबकाकडे ढुंकूनही न बघणारी चमक बहुधा शेलची. तांब्याचे बुश आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टनही अशीच चमक देतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका, पण इंजिन चालवायचं नाही एवढं ठरवायला हे पुरेसं आहे. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला तर आणखी स्पष्ट दिसतं. कापायला हॅकसॉ वापरू नका. त्याचाच कीस कागदावर पडतो आणि नसलेला रोग दिसतो. पत्रा कापायची कात्री घ्या.

*ऑइल प्रेशर.* दिवा फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतो, आणि त्याचा स्विचही बिघडतो. मीटर लावून आकडा घ्या. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेला आकडा खरा. पुस्तक नसेल तर दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा मोटारींच्या इंजिनांचा ढोबळ हिशेब. मीटर लावायला इंजिन चालवावं लागतं, म्हणून ही तपासणी फक्त ठोका नसेल आणि ऑइलमध्ये चमक नसेल तरच. प्रेशर कमी आलं तर लगेच बेअरिंगला दोष देऊ नका. चेंबर काढताना पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या पाइपची रिंग निसटली की पंप हवा ओढतो. आणि पॅकिंगला सिलिकॉन भरमसाठ लावलं असेल तर आतल्या बाजूला पिळून आलेला त्याचा दोरा तुटून जाळीवर बसतो. दोन्ही बाजूंनी जाड वळ लावणं हे घरच्या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं. पातळ थर पुरतो.

काही जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनांत रॉडला दाबाने ऑइल जातच नाही. रॉडच्या कॅपखाली एक चमचा असतो, तो दर फेऱ्याला ऑइलमध्ये बुडून ते उडवतो. कॅप काढली तेव्हा तो चमचा वाकला किंवा उलट्या तोंडाने बसला तर बेअरिंग उपाशी मरतं. अशा इंजिनाला मीटर लावून काही कळणार नाही, चमचाच बघावा लागेल.

शेल उघडून बघायचं असेल तर

इथून पुढे काम अवघड. टॉर्क पाना (बोल्ट ठराविक जोरानेच आवळणारा पाना) नसेल, तर इथेच थांबा. गाडीखाली शिरायचं असेल तर पक्के स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कुणी जाऊ नका.

जागा आधी बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो आणि काळ्या रानातली धूळ घरात ताटापर्यंत येते, उघड्या क्रँकला ती काय सोडणार. सकाळी लवकर करा, आडोशाला, जमिनीवर पाण्याचा सडा टाकून. आणि सोलापुरातली खास गोष्ट: इथे पॉवरलूममुळे सुताचं वेस्ट स्वस्त मिळतं, प्रत्येक गॅरेजात त्याचं पोतं असतं. हात पुसायला ते उत्तम. शेल आणि क्रँक पुसायला नाही. त्याचे तंतू क्रँकच्या ऑइलच्या भोकात जाऊन बसतात. नवा टॉवेलसुद्धा नको, त्याचीही रोंवं सुटतात. अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा घ्या.

कॅप काढायच्या आधी रॉड आणि कॅपवरचे आकडे बघा. नसतील तर रंगाच्या पेनाने खूण करा. कॅप आणि रॉड कारखान्यात एकत्र जोडून त्यांचं भोक तासलेलं असतं, म्हणून ही कॅप त्या रॉडला किंवा तीच कॅप उलटी फिरवून चालत नाही. कॅप निघत नसेल तर बोल्ट थोडे ढिले करून त्यांच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलकं ठोका. जोडात पेचकस घालू नका. बोल्टच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर पिस्टन वर ढकलताना त्याच आट्या क्रँकच्या पिनाला ओरबाडतात. हा ओरखडा माझ्याकडे पेचकसाच्या ओरखड्याइतकाच येतो.

शेल हातात आलं की नख फिरवा, हलकेच, आडवं. नख अडलं नाही, नुसती रेषा दिसते, आणि ती जोडाच्या जवळ आहे, तर बहुधा चालतं. नख अडलं तर ते शेल पुन्हा बसवायचं नाही. जागेचाही विचार करा. कनेक्टिंग रॉडमध्ये स्फोटाचा मार वरच्या शेलवर बसतो, मेन बेअरिंगमध्ये खालच्या. त्या अर्ध्याच्या मधोमध खाच असेल तर ती लहान असली तरी शेल बदला. पाठ उलटूनही बघा. पाठीला उठलेली खाच किंवा अडकलेला कण असेल तर शेल बसवल्यावर तिथे पुढून उंचवटा येतो. तेवढ्याच जागी ऑइलचा थर फाटतो आणि शेल काळं पडतं.

पॉलिश पेपर लावू नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. पेपरचे दाणे मऊ थरात रुततात आणि मग ते शेल क्रँकसाठी कानस होतं. पूर्वीच्या काळी बॅबिटची पांढरी धातू ओतून, खरवडून बेअरिंग बसवायचे. माझे वडील गिरणीत फिटर होते, ते तासन्‌तास स्क्रेपर चालवायचे. तो थर जाड होता. आजच्या ०.०२ मिलिमीटरमध्ये खरवडायला काही उरतच नाही.

आता पिन. नख फिरवा, आणि तांब्याचा जुना पैसा किंवा तांब्याचा तुकडा पिनावर अलगद घासून बघा. तांब्याची रेघ पिनावर राहिली तर पृष्ठभाग खरखरीत आहे. निळसर किंवा काळपट दिसला तर पिन तापलेला आहे, पुढे काही करू नका, कारण त्या उष्णतेने कडकपणा गेलेला असू शकतो आणि केसासारखी भेग डोळ्याला दिसत नाही.

नवीन शेल घेताना आणि बसवताना

जुन्या शेलच्या पाठीवर आकडा किंवा अक्षरं असतात. स्टँडर्ड, ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.००, म्हणजे पिन मूळ मापापेक्षा किती मिलिमीटर बारीक आहे ते. क्रँक आधी कधी ग्राइंड झाला असेल तर स्टँडर्ड शेल त्याला ढिलं होतं, आणि स्टँडर्ड क्रँकला ०.२५ चं शेल घातलं तर इंजिन जाम होतं. म्हणून दुकानात मॉडेलचं नाव सांगून आणू नका, जुनं शेल दाखवून आणा, आणि घरी आल्यावर नव्याची पाठ पुन्हा वाचा. डब्यावर एक आणि आत दुसरं असं मी पाहिलंय.

शेलची पाठ आणि रॉडचं घर (शेल बसतं ती गोल जागा) पूर्ण कोरडं पुसा. पाठीला ऑइल लावायचं नाही, लावलं तर शेल घराला नीट चिकटत नाही आणि त्याची उष्णताही बाहेर जात नाही. ऑइल फक्त पिनाकडच्या बाजूला. शेल बसवल्यावर त्याच्या कडा घराच्या तोंडापेक्षा किंचित वर राहतात. ती चूक नाही, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. कॅप आवळली की त्याच दाबाने शेल घट्ट बसतं. ती कड कानस मारून सपाट केली तर शेल घरात फिरतं, आणि फिरलेलं शेल ऑइलचं भोक बंद करतं. शेलचं छोटं नाक बसवताना जागा दाखवायला असतं, फिरण्यापासून ते वाचवत नाही.

मेन बेअरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी वरच्या शेलला भोक आणि चर असते, खालचं साधं असतं. मी काम शिकत असताना, दुसऱ्याच वर्षी, एका ट्रॅक्टरच्या मधल्या मेनला हे दोन्ही उलट बसवले. ब्लॉकमधलं ऑइलचं भोक साध्या शेलने झाकलं गेलं. हाताने सुरेख फिरलं, चालूही झालं, आणि पहिल्याच नांगरटीत जाम झालं. त्या शेतकऱ्याची पेरणी माझ्यामुळे लांबली. तेव्हापासून मी प्रत्येक शेल बसवल्यावर त्याच्या भोकातून बारीक तार घालून पलीकडचा मार्ग मोकळा आहे का ते बघतो. तुम्हीही बघा, दहा सेकंद लागतात.

जागा मोजायला प्लॅस्टिगेज मिळतं, मेणासारखी बारीक दोरी. पिन आणि शेल त्या वेळेपुरतं ऑइल पुसून कोरडं करायचं, दोरी पिनावर लांबीने ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, मग कॅप काढून चपट्या झालेल्या दोरीची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी लावायची. फिलर गेज इथे चालत नाही, सपाट पाती गोल जागेत खोटं माप देतात.

मग सगळं पुसून, ऑइल लावून जोडणी. आणि या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे: एक कॅप आवळली की क्रँक एकदा पूर्ण फिरवा, मगच दुसरी. सगळ्या कॅप आवळून मग फिरवलं आणि जाम निघालं तर दोष कुठल्या कॅपमध्ये आहे ते कळत नाही, पुन्हा सगळं उघडावं लागतं. एकेक फिरवत गेलात तर ज्या कॅपनंतर जड झालं तीच दोषी. रॉड पिनावर बाजूला थोडा सरकतो का तेही हाताने बघा.

चालू करायच्या आधी ऑइल वर पोचवा. फिल्टर उभा बसणारा असेल तर तो ऑइलने भरून लावा. मग डिझेल बंद ठेवून, स्टॉपची दोरी ओढून, क्रँक फिरवत राहा, मीटरला प्रेशर दिसेपर्यंत किंवा दिवा विझेपर्यंत. सेल्फ सलग दाबून ठेवू नका, थांबून थांबून मारा. त्यानंतरच डिझेल सोडा. रेस न देता चालू द्या, कान लावा, गळती बघा.

मोटारसायकलवाल्यांसाठी थोडं

रस्त्यावरच्या बहुतेक १००-१२५ सीसीच्या गाड्यांत शेल नसतं, गोळ्यांची आणि सुयांची बेअरिंगं असतात. तिथे मार बसतो तो मॅग्नेट काढताना. पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) नाही म्हणून क्रँकच्या टोकावर हातोडी मारतात. तो दणका गोळ्यांतून जातो आणि बेअरिंगच्या वाटेत बारीक खड्डे पडतात. नंतर घरघर सुरू होते. पुलर महाग नसतो, शेजारच्या गॅरेजातून तासाभरासाठी मागितला तरी मिळतो. घरघर आली असेल तर क्रँक बाहेर काढून बेअरिंग प्रेसवर बदलावं लागतं, ते घरी होत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पिनावर नख अडतंय. पिन निळा-काळा झालाय. शेल घरात फिरल्याच्या खुणा आहेत. कॅप किंवा शेलच्या तोंडावर कुणी कानस मारलीय. नवीन शेल घालूनही जाम होतंय. गाडी कॉमनरेल आहे, किंवा टायमिंग बेल्ट काढावा लागतोय. रॉडचे बोल्ट एकदाच वापरायचे आहेत आणि नवीन मिळालेले नाहीत. यातलं एक जरी असेल तरी पुढचं काम क्रँक ग्राइंडिंगवाल्याचं आणि मिस्त्रीचं आहे.

ग्राइंडिंगला देताना नुसता क्रँक देऊ नका, रॉड आणि कॅपही द्या, म्हणजे ते रॉडचं भोक गोल आहे का ते मोजतील. प्रत्येक पिनाचं माप कागदावर लिहून मागा. पिनाच्या कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी ठेवायला सांगा, तिथे काटकोन झाला तर क्रँक तिथूनच तुटतो. काही क्रँकचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि ग्राइंडिंगनंतर तो पुन्हा कडक करावा लागतो, तेही विचारून घ्या. परत आला की ऑइलची सगळी भोकं ब्रश आणि डिझेलने धुवा. ग्राइंडिंगची भुकटी भोकात राहिली तर नव्या शेलला पहिल्याच तासात तीच कापते.

काकांच्या नंतर महिन्याभराने दक्षिण सोलापुरातल्या एका गावातून पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका ताईंचा फोन आला. गिरणी डिझेल इंजिनावर, दुरुस्ती त्या स्वतःच करतात. “दादा, कॅप काढताना शेल हातातनं निसटून चेंबरच्या कडेवर आपटलं. हँडल मारलं नाही अजून.” मी म्हटलं, नख फिरवा. अडलं. पिनावर फिरवा. नाही अडलं. त्यांनी एसटीने शेल पाठवलं, मी पाठीवरचा आकडा वाचून त्याच मापाची जोडी परत पाठवली. त्यांनी ती स्वतः बसवली आणि तिसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. पंचवीस तासांनी ऑइल बदलून फिल्टर कापायला सांगितलं होतं, कागद स्वच्छ निघाला.

माझ्याकडे किंवा कुठल्याही मिस्त्रीकडे येताना जुने शेल फेकून येऊ नका. कुठल्या सिलिंडरचं, वरचं की खालचं, हे प्रत्येकाच्या पाठीवर पेनाने लिहा, वेगवेगळ्या कागदात गुंडाळा आणि कॅपसकट आणा.